शेजाऱ्यांच्या करावर शिकले

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो गावच्या डी अँझा कॉलेजात मी आधी विद्यार्थिनी होते, पुढे तिथल्याच हिशेब विभागात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझं जे काही बरं झालं ते या कॉलेजामुळे, हे मी पहिल्यापासून म्हणत आले. पण 'कॉलेजामुळे' म्हणजे नेमकं कोणामुळे, हे समजायला नोकरीतली बरीच वर्षं जावी लागली. शिकवणारे डोळ्यांसमोर होते, त्यांचे उपकार तेव्हाच कळत होते. पैशांच्या ओढाताणीत ज्यांनी हे कॉलेज सर्वांसाठी खुलं ठेवलं आणि त्यासाठी ज्यांनी कर भरला, ती माणसं मला दिसतच नव्हती. त्यांच्याविषयी लिहायचं राहून गेलं होतं.

१९९४ साली लग्न होऊन मी कराडहून इकडे आले. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी, माझा एच-४ व्हिसा. जोडीदाराच्या त्या व्हिसावर तेव्हा काम करता येत नसे. पदरात बी.कॉम.ची पदवी होती, गाडी चालवता येत नव्हती आणि दिवस संपता संपत नसे. स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावरून जाणारी २३ नंबरची बस मात्र होती, आणि तिचा शेवटचा थांबा डी अँझा कॉलेजाचा. एकदा मी शेवटपर्यंत गेले आणि आत शिरले. कोणी अडवलं नाही, ओळखपत्र मागितलं नाही. लायब्ररीत जाऊन बसले.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. ओळखीच्या मराठी घरांत त्याबद्दल फारसं चांगलं ऐकायला मिळत नसे. ज्यांना बर्कलीला, स्टॅनफर्डला जागा मिळत नाही त्यांची सोय, एवढीच माझी समजूत होती. खरं तर १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक बृहत् आराखडा केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी, आणि ज्याला शिकून फायदा होईल अशा प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. हे 'प्रत्येकासाठी' किती मोठं वचन आहे आणि ते पाळायला किती पैसा लागतो, याची मला कल्पना नव्हती. आमच्या कॉलेज-जिल्ह्याचं फूटहिल कॉलेज १९५८ मध्ये सुरू झालं आणि डी अँझा १९६७ मध्ये. त्या काळी राज्याच्या रहिवाशांना शिकवणीचं शुल्कच नव्हतं. ते पहिल्यांदा लागू झालं १९८४ मध्ये, एका युनिटला (क्रेडिटला) ५ डॉलर आणि एका सत्राला फार तर ५० डॉलर.

मला भेटलेल्या कौन्सेलरबाईंनी समोर कागद घेऊन दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिलं वर्ष मी राज्याची रहिवासी धरली जाणार नाही, त्यामुळे शुल्क मला न परवडणारं असेल. आणि वर्ष उलटल्यावरही माझी पदवी आड येईल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य मंदीत सापडलं होतं. तेव्हा १९९३ पासून असा नियम आला की ज्याच्याकडे आधीची पदवी आहे त्याने सेमिस्टरच्या हिशेबाने एका युनिटला ५० डॉलर भरावेत. बाकीच्यांना तेच युनिट १३ डॉलरला होतं. पदवीधर माणूस देऊ शकतो, असा त्यामागचा विचार असावा. पण त्याच मंदीत नोकरी गेलेले पदवीधर नवं काही शिकायला याच कॉलेजांकडे येत होते. त्यांच्यातल्या हजारोंनी शिकणं सोडून दिलं.

बाई म्हणाल्या, हा नियम १९९५ अखेर संपतो आहे, तोवर लायब्ररीत येऊन अकाउंटिंगचं पाठ्यपुस्तक वाचत जा. मी वाचत गेले. १९९६ च्या जानेवारीत माझा पहिला वर्ग सुरू झाला. सरकारी अंदाजपत्रकातली एक ओळ बदलली की कोणाच्या आयुष्याची किती वर्षं पुढे सरकतात किंवा थांबतात, हे मी तेव्हा अनुभवलं. मात्र त्यामागचं कारण समजून घ्यावं असं मला वाटलं नाही. शुल्क कमी झालं, एवढ्यावर मी खूश होते.

संध्याकाळच्या त्या वर्गात माझ्या एका बाजूला सर्किट बोर्ड जोडण्याचं काम करणारी व्हिएतनामी बाई बसे, दुसऱ्या बाजूला पन्नाशीत नोकरी गेलेला इंजिनियर. पुढच्या बाकावर अठरा वर्षांची पोरं. कराडच्या वर्गात मी माझ्याच वयाच्या, माझ्याच भागातल्या मुलींबरोबर शिकले होते. इथे अमेरिकन हिशेबपद्धती, इथले करांचे नियम, संगणकावरचं लेखांकन हे सगळं नव्याने शिकावं लागलं, आणि इंग्रजीत प्रश्न विचारायची भीती जायला त्याहून जास्त वेळ लागला. ती घालवली त्या व्हिएतनामी बाईने. तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं, पण ती रोज हात वर करायची.

तेव्हा कॉलेजाच्या अध्यक्ष मार्था कँटर होत्या. १९९३ मध्ये, म्हणजे ऐन तंगीच्या दिवसांत त्या आल्या. आधी सॅन होजे सिटी कॉलेजात त्यांनी शिकण्यात अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम उभा केला होता. त्या मला ओळखत नव्हत्या, आणि ओळखण्याचं काही कारणही नव्हतं. मी वीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांपैकी एक होते. पण मी ज्या वर्गात बसले तो वर्ग त्या वर्षी वेळापत्रकात राहिला, ही गोष्ट आपोआप घडत नसते. कोणीतरी तो ठेवायचं ठरवावं लागतं, आणि त्यासाठी दुसरं काहीतरी सोडावं लागतं. हे मला विद्यार्थिनी असताना सुचलं नाही. नोकरीत आल्यावर आकडे हातात आले तेव्हा समजलं.

त्याआधी शेजाऱ्यांबद्दल लिहायला हवं. आम्ही सनीव्हेलला भाड्याच्या घरात राहत होतो. शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांची मुलं कधीच मोठी होऊन दुसऱ्या राज्यांत गेली होती. ते स्वतः डी अँझाच्या कुंभारकामाच्या वर्गाला जात. त्यांनी केलेला एक वाडगा आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. १९९९ च्या शरद ऋतूत त्यांनी अंगणात एक पाटी लावली: 'मेझर ई'ला होकार द्या. फूटहिल-डी अँझा जिल्ह्याने इमारतींच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या बांधकामासाठी २४ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे काढायला मतदारांची परवानगी मागितली होती. रोखे फेडायचे ते घरमालकांच्या मालमत्ता करातून. त्या वेळी अशा ठरावाला दोन तृतीयांश मतं लागत. मला मत नव्हतं, घर नव्हतं, करही नव्हता. मी सरळ विचारलं, तुम्हाला आता याचा काय उपयोग? ते म्हणाले, माझी मुलं ज्या शाळेत शिकली ती माझ्या आधीच्या लोकांनी बांधली होती.

ठराव मंजूर झाला. मी त्या रात्री आकडेही पाहिले नाहीत.

पुढे ग्रीन कार्ड मिळालं आणि मी कॉलेजाच्या हिशेब विभागात आधी तात्पुरती, मग कायम लागले. माझ्या वरिष्ठ बाई अंदाजपत्रकात मुरलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला १९७८ सालापासून सुरुवात करून दिली. त्या वर्षीच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' हा ठराव मंजूर केला. मालमत्ता कर घराच्या नोंदवलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर आला, आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं. तोवर स्थानिक विश्वस्त मंडळं गरजेप्रमाणे कर ठरवत. तो अधिकार गेला. कॉलेजाची तिजोरी गावातून उठून सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीला गेली. राज्याची आवक जास्तकरून उत्पन्न करावर, म्हणजे चढउतारांवर. शेअर बाजार पडला की दीड-दोन वर्षांत आमच्या कॉलेजातले वर्ग कमी होणार, हे त्यांनी मला कागदावर आखून दाखवलं. १९८८ मध्ये 'प्रपोझिशन ९८' आलं आणि शाळा व कम्युनिटी कॉलेजांसाठी राज्याच्या अंदाजपत्रकातला किमान वाटा ठरला. पण मुळातलं अंदाजपत्रकच आटलं की तो वाटाही आटतो.

पैसे मिळत ते पूर्ण वेळ विद्यार्थ्याच्या हिशेबाने. ५२५ तासांची शिकवणी म्हणजे एक पूर्ण विद्यार्थी. सत्राचा पाचवा हिस्सा उलटला की गणनेचा दिवस येतो, आणि त्या दिवशी वर्गात जितकी नावं असतील त्यावर बरीच गणितं ठरतात. त्या तक्त्यांत मी एकदा मनाशीच माझं नाव शोधलं. १९९६ च्या हिवाळी सत्रात मीही कुठल्यातरी पूर्ण विद्यार्थ्याचा एक अंश होते. माझ्या शुल्कातून माझ्या वर्गाचा खर्च निघालाच नव्हता. बाकीचा कोणी भरला, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट झालं.

२००३ मध्ये डॉट-कॉम कंपन्यांचा बाजार कोसळल्याचे परिणाम आले. युनिटचं शुल्क ११ डॉलरवरून १८ झालं आणि पुढच्या वर्षी २६. वर्षाच्या मध्यावरच पैसे कापले गेले. त्याच सुमारास मेझर ईच्या पैशांतून कॅम्पसवर खोदकाम चालू होतं. विद्यार्थी आमच्या खिडकीशी येऊन विचारत, माझा वर्ग रद्द करता आणि बाहेर नवी इमारत बांधता, हे कसं? प्रश्न रास्त होता. उत्तर असं की घर बांधायला काढलेल्या कर्जातून किराणा भरता येत नाही. २००० सालच्या 'प्रपोझिशन ३९'ने शाळा-कॉलेजांच्या पुढच्या रोख्यांना दोन तृतीयांशाऐवजी ५५ टक्के मतं पुरेशी केली, पण त्याबरोबर अटीही घातल्या. त्या पैशातून शिक्षकांचे पगार द्यायचे नाहीत, रोजचा खर्च भागवायचा नाही, दर वर्षी तपासणी करायची आणि नागरिकांची देखरेख समिती नेमायची. आम्ही हिशेबातले लोक त्या अटींचे राखणदार. पण रागावलेल्या विद्यार्थ्याला आणि घाबरलेल्या शिक्षकाला हे समजावणं नुसतं हिशेबाचं काम नव्हतं. ते काम नेतृत्वाला करावं लागे, भर सभेत, आणि पुन्हा पुन्हा.

या कामाची योग्यता मला उशिरा कळली. बाहेरून वाटतं, इमारती वाढल्या म्हणजे कॉलेज वाढलं. आतून पाहिलं तर वाढत्या कॅम्पसला वीज, सफाई, देखभाल जास्त लागते आणि ती भागवायची असते आटणाऱ्या खात्यातून. म्हणून इमारत कशी बांधता याला महत्त्व येतं. कर्श सेंटर नावाची पर्यावरण अभ्यासाची इमारत २००५ मध्ये उघडली. तिच्यात नैसर्गिक उजेड आणि वारा खेळवला आहे, छतावर सौर पॅनेल आहेत. पुढे तिला पर्यावरणपूरक इमारतींसाठीचं 'लीड'चं प्लॅटिनम मानांकन मिळालं. सुंदर इमारती मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण पुढच्या तंगीचा विचार करून बांधलेली इमारत माझ्या पाहण्यात हीच पहिली.

कँटर २००३ मध्ये संपूर्ण जिल्ह्याच्या चॅन्सेलर झाल्या आणि २००४ मध्ये ब्रायन मर्फी डी अँझाचे अध्यक्ष झाले. २००६ च्या जूनमध्ये जिल्ह्याने पुन्हा रोखे मागितले, ४९ कोटी ८ लाख डॉलरचे. नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरचं माझं ते पहिलं मतदान. आता आमचंही घर होतं आणि कराचं बिल माझ्या नावाने येत होतं. मी शेजारच्या गृहस्थांसारखी पाटी लावली. तोवर ते बरेच थकले होते, पण कुंभारकामाचा वर्ग सुटला नव्हता.

मग २००८ ची मंदी आली. तिचा फटका आधीच्या साऱ्या कपातींपेक्षा मोठा होता. राज्यभरातल्या कम्युनिटी कॉलेजांतले पाच लाखांच्या आसपास विद्यार्थी तीन-चार वर्षांत गळाले. त्यांना शिकायचं नव्हतं असं नाही, वर्गच नव्हते. युनिटचं शुल्क २६ वरून ३६ आणि २०१२ मध्ये ४६ डॉलर झालं. गरिबांना शुल्कमाफी होती, पण माफी मिळालेल्या मुलीला बसायला जागाच नसेल तर त्या माफीचं काय करायचं? पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना हात देणाऱ्या योजनांना मोठी कात्री लागली. २००९ मध्येच कँटर ओबामा सरकारात शिक्षण खात्याच्या अवर सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेल्या. कम्युनिटी कॉलेजातून त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या. मर्फी इथे राहिले. विद्यार्थ्यांनी सॅक्रामेंटोला मोर्चाने जावं, आमदारांना भेटावं, हा शिक्षणाचाच भाग आहे असं ते उघड मानत. त्यांच्या कारकिर्दीत कॉलेजात नागरी सहभागाची एक संस्था उभी राहिली. कपात मुकाट्याने सोसायची नाही, तिचा हिशेब ज्यांचे वर्ग जातात त्या मुलांना समजला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. माझ्यासारख्या खालमानेने आकडे भरणाऱ्या बाईलाही त्यामुळे विद्यार्थ्यांसमोर उभं राहून अंदाजपत्रक समजावून सांगावं लागलं. ती धिटाई मी स्वतःहून कधी केली नसती.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याबद्दल राज्याचं धोरण ठरलं होतं. विद्यापीठात जाणाऱ्यांचे वर्ग, व्यवसायशिक्षण आणि पायाभूत इंग्रजी-गणित यांना पहिला मान. छंदासाठी पुन्हा पुन्हा घेतले जाणारे वर्ग मागे पडले, आणि पुढे त्यांच्यावर नियमानेच मर्यादा आली. हे धोरण मला पटत होतं आणि आजही पटतं. पण त्यात शेजारच्या त्या गृहस्थांचा कुंभारकामाचा वर्ग गेला. ज्यांनी माझ्या शिक्षणासाठी कर भरला, त्यांच्याच हातातली माती आम्ही काढून घेतली. मी त्यांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांना ते आधीच समजलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याने घरामागे वर्षाला ६९ डॉलरचा पार्सल टॅक्स मागितला. हा पैसा शिकवण्यावर खर्च करता येणार होता. त्यांच्या अंगणात पुन्हा पाटी लागली. ठरावाला निम्म्याहून बरीच जास्त मतं पडली, पण या कराला दोन तृतीयांश लागतात. ठराव पडला.

त्यानंतर लवकरच ते गेले.

त्या हिवाळ्यात मी कराडला गेले होते. माझ्या जुन्या कॉलेजावरून जाताना पहिल्यांदा थांबून फाटकावरचं नाव नीट वाचलं: सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने काढलेलं. संस्थेचा मुष्टिफंड, बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढणं, हे आम्ही निबंधात लिहीत असू. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं, संस्थापक भाऊराव पाटलांनी लोकांच्या बळावर संस्था तगवली, आणि गाडगेबाबांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकल्यावर अनुदान पुन्हा सुरू झालं, हेही आम्हाला पाठ होतं. परीक्षेपुरतं. त्या मुठीतलं धान्य खाऊन मीच शिकले, असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही. अनुदान तोडलं जाणं म्हणजे काय, हे क्युपर्टिनोच्या कचेरीत आकड्यांत पाहिल्यावर मला कराडच्या त्या बायका दिसल्या. त्यांची मुलं कॉलेजात जाणार की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या शेजाऱ्यांसारखंच त्यांनी ते विचारलंही नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन ३०' मंजूर झालं, राज्याने कर वाढवले आणि वर्ग हळूहळू परत आले. २०१८ मध्ये पैसे वाटण्याचं सूत्र पुन्हा बदललं. आता विद्यार्थिसंख्येबरोबर गरीब विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांचं यशही मोजलं जातं. त्याच वर्षी मर्फी निवृत्त झाले. २०२० च्या मार्चमध्ये जिल्ह्याने एकाच मतपत्रिकेवर दोन ठराव मांडले. इमारतींसाठी ८९ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे मंजूर झाले. शिकवण्यासाठी घरामागे वर्षाला ४८ डॉलरचा कर मात्र पुन्हा पडला.

आज सनीव्हेल, क्युपर्टिनो, माउंटन व्ह्यू इथे मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आता मत आहे. त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. असा ठराव पुन्हा मतपत्रिकेवर येईल तेव्हा तो रोख्यांचा आहे की शिकवण्याच्या खर्चाचा, हे वाचून पाहा, आणि तुमचं मूल या कॉलेजात जाणार नसलं तरी होकार द्या. एच-४वर आलेली, गाडी न येणारी कोणीतरी आजही त्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जात असेल. तिच्या वर्गाचे उरलेले पैसे आपल्याला भरायचे आहेत.